विषाचे मूळ आणि कूळ

एखादा पदार्थ शुद्ध की अशुद्ध, हितकर की घातक, हे ठरवताना त्याचा जन्म कोठे झाला हे विचारात घ्यावे की नाही, हा प्रश्न एके काळी धर्मशास्त्राचा होता आणि आता तो तितकाच रसायनशास्त्राचाही झाला आहे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, या म्हणीत उगमापेक्षा आजचे स्वरूप आणि आचरण पाहण्याचा विवेक आहे. परंतु विषाच्या बाबतीत आजचा सुशिक्षित समाज नेमका उलट वागतो. जे नैसर्गिक ते निर्दोष आणि जे ‘केमिकल’ ते सदोष, अशी समजूत साबणाच्या वेष्टनापासून प्रवचनाच्या मंचापर्यंत रुजली आहे, आणि तिला श्रद्धाच म्हणावे लागते, कारण ती तपासून पाहण्याची गरज कोणाला फारशी वाटत नाही. ही श्रद्धा तपासण्यास रत्नागिरी जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. या जिल्ह्याच्या कातळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे समुद्रशेवाळ क्लोरीन आणि ब्रोमीन यांची संयुगे स्वतःच्या पेशींत तयार करते. त्याच जिल्ह्यात खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने उभे आहेत आणि त्यांचे सांडपाणी प्रक्रियेनंतर दाभोळच्या खाडीत सोडले जाते. एक निर्मिती निसर्गाची आणि दुसरी माणसाची, एवढ्यावर पहिलीला पुण्य आणि दुसरीला पाप म्हणता येईल काय, हा येथे विचारासाठी घेतलेला प्रश्न आहे.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही हॅलोजन गटातील प्रमुख मूलद्रव्ये होत. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात क्लोरीन सुमारे १९ ग्रॅम, ब्रोमीन सुमारे ६५ मिलिग्रॅम आणि आयोडीन जेमतेम ०.०६ मिलिग्रॅम असते, आणि ही तिन्ही तेथे विद्युतभारित क्षाररूपात, म्हणजे मिठासारख्या स्थितीत, विरघळलेली असतात. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांना दिसत नसले तरी वरून, मधून आणि तळातून चाखले असता सर्वत्र आहे हे दाखवतो. त्या दृष्टांतातील क्षार निरुपद्रवी आहे, किंबहुना जीवनाला आवश्यक आहे. प्रश्न निर्माण होतो तो हे अणू कार्बनच्या अणूला जोडले जातात तेव्हा. अशा संयुगांना सेंद्रिय हॅलोजन संयुगे म्हणतात, आणि डीडीटी, पीसीबी, डायॉक्सिन ही विसाव्या शतकातील कुप्रसिद्ध नावे याच कुळातील आहेत. ती चरबीत विरघळतात, सहजासहजी विघटित होत नाहीत आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे व तेथून माणसाकडे जाताना साचत जातात.

दीर्घकाळ असे मानले जात होते की ही जोडणी हा मानवी प्रयोगशाळेचा उद्योग असून निसर्गात ती अपवादानेच आढळते. १८९६ मध्ये एका प्रवाळातून आयोडीनयुक्त सेंद्रिय पदार्थ वेगळा करण्यात आला होता, परंतु त्याकडे नवल म्हणूनच पाहिले गेले. १९६८ च्या सुमारास अशी केवळ तीसेक नैसर्गिक संयुगे माहीत होती. आज ती संख्या ५,००० च्या पुढे गेली आहे. त्यांतील बहुसंख्य समुद्रातील शेवाळ, स्पंज, प्रवाळ आणि जिवाणू यांच्यापासून मिळाली आहेत, आणि काही तर मानवी शरीराच्या अगदी आत आहेत: कंठातील थायरॉइड ग्रंथीचे थायरॉक्सिन हे संप्रेरक आयोडीनचे सेंद्रिय संयुग आहे, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी क्लोरीनपासून विरंजक द्रव्याशी नाते सांगणारे आम्ल तयार करतात. ज्या मूलद्रव्याचे नाव काढताच विषारी वायू आठवतो, त्याच्या साहाय्याने शरीर प्रत्येक लहानमोठ्या जखमेत स्वतःचे रक्षण करीत असते.

शेवाळ हे काम कसे करते, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. ओहोटीच्या वेळी कातळाच्या खळग्यात अडकलेल्या उथळ पाण्यात, उन्हाने तापलेल्या उल्वाच्या हिरव्या पापुद्र्यात किंवा सरगॅसमच्या फुगेदार तपकिरी फांदीत, ताणाच्या त्या अवस्थेत हायड्रोजन पेरॉक्साइड साचू लागते आणि ते पेशीला जाळू शकते. पेशीतील एक विकर, म्हणजे जैविक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्या पेरॉक्साइडचा उपयोग करून समुद्राच्या पाण्यातील ब्रोमाइडचे क्रियाशील ब्रोमीनमध्ये रूपांतर करते; या विकराच्या गाभ्यात व्हॅनेडियम या धातूचा अणू बसलेला असतो. क्रियाशील झालेले ब्रोमीन जवळच्या सेंद्रिय पदार्थाला जोडले जाते आणि त्यातून ब्रोमोफॉर्मसारखी बाष्पशील संयुगे तयार होतात. एकाच क्रियेत दोन कामे साधतात: दाहक पेरॉक्साइड संपते आणि शेवाळाच्या पृष्ठभागावर जिवाणू व चिकटून वाढणारे कवचधारी जीव यांना नकोसे वाटणारे द्रव्य पसरते. समुद्राच्या पाण्यात ब्रोमीन क्लोरीनच्या तुलनेने फारच कमी असूनही शेवाळ बहुधा ब्रोमीनच निवडते, कारण ते क्रियाशील करण्यास कमी शक्ती लागते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया या लाल शेवाळाने तर याहून सूक्ष्म मार्ग काढला आहे. त्याची ब्रोमीनयुक्त द्रव्ये जिवाणूंना मारण्याऐवजी त्यांच्या परस्पर संदेशवहनात अडथळा आणतात, आणि एकमेकांची चाहूल न लागल्याने जिवाणूंना तेथे वस्ती करता येत नाही.

थंड प्रदेशांत हीच प्रक्रिया अधिक ठळक स्वरूपात दिसते. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातील लॅमिनेरिया हे तपकिरी शेवाळ समुद्राच्या पाण्याच्या सुमारे ३०,००० पट इतके आयोडीन स्वतःत साठवते आणि ओहोटीत उघडे पडले की ते हवेत सोडते; त्यापासून बनलेले सूक्ष्म कण वाढत जाऊन ढगांच्या थेंबांचे बीज होऊ शकतात. उत्तर ध्रुवप्रदेशात हिवाळ्याचा काळोख संपून सूर्य उगवतो तेव्हा समुद्रावरील खारट बर्फातून व हिमातून ब्रोमीन मोकळे होते आणि जमिनीलगतच्या हवेतील ओझोन काही दिवसांसाठी जवळजवळ नाहीसा होतो; बर्फाच्या तळाशी वाढणारे सूक्ष्म शेवाळही ब्रोमोफॉर्म सोडते. अंटार्क्टिकावरील मैत्री आणि भारती या भारतीय केंद्रांवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हवेतील आयोडीन ऑक्साइडची मोजमापे केली आहेत, म्हणजे हा विषय मराठी मुलखापासून वाटतो तितका दूर नाही. गोड्या पाण्याचे उदाहरण स्वीडनचे आहे. कारखान्यांपासून दूर असलेल्या तेथील तलावांत आणि दलदलीत सेंद्रिय हॅलोजन संयुगे लक्षणीय प्रमाणात असल्याचे १९९० च्या आसपास तेथील संशोधकांनी दाखवले. कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर बुरशी व जिवाणू क्लोरीन जोडत असतात, हे त्याचे कारण. बाल्टिक समुद्रातील शिंपल्यांत आणि माशांत तर ब्रोमीनयुक्त डायॉक्सिनही आढळली, आणि त्यांचा उगम बहुतांशी कारखान्यांत नसून शेवाळ व नीलहरित जिवाणूंच्या जीवनक्रियेत असावा, असा निष्कर्ष निघाला.

येथे एक साधा पण मूलगामी प्रश्न उभा राहतो. माशाच्या चरबीत सापडलेला रेणू शेवाळाने केला की माणसाने, हे ओळखायचे कसे? रेणूला जात नसते. त्याच अणूंची तीच रचना असेल तर दोन रेणूंत कोणताही भेद उरत नाही. तरीही एक खूण राहते. सजीवांच्या कार्बनमध्ये कार्बन-१४ या किरणोत्सारी प्रकाराचा अत्यल्प अंश असतो आणि त्याचे प्रमाण सुमारे ५,७३० वर्षांत निम्मे होते. कारखान्यात वापरला जाणारा कार्बन बहुधा कोट्यवधी वर्षे जुन्या खनिज तेलाचा असल्याने त्यात हा अंश शिल्लकच नसतो. २००५ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका देवमाशाच्या चरबीतून काढलेल्या दोन ब्रोमीनयुक्त संयुगांची अशी परीक्षा झाली. ही संयुगे आगप्रतिबंधक म्हणून कारखान्यांत बनणाऱ्या द्रव्यांशी इतकी मिळतीजुळती होती की त्यांचा उगम औद्योगिक असावा असा संशय होता. परंतु त्यांत कार्बन-१४ आढळला, म्हणजे ती जिवंत सृष्टीत जन्मली होती. पुढे १९२१ मध्ये परतलेल्या ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ या देवमाशांच्या शिकारी जहाजावरील जपून ठेवलेले तेल तपासण्यात आले. त्यातही अशी नैसर्गिक संयुगे होती आणि औद्योगिक पीसीबी नव्हती. त्यांचे व्यापारी उत्पादन तर १९२९ नंतरचे. देवमासे आधुनिक रसायन उद्योगाच्या आधीपासून आपल्या चरबीत ब्रोमीनची विषे वागवीत आले आहेत.

भारतीय दर्शनांनी कार्य आणि कारण यांचा जो सूक्ष्म विचार केला, त्याच्या चौकटीत ही गोष्ट ठेवून पाहिली असता बराच गोंधळ दूर होतो. न्याय-वैशेषिक मतानुसार कार्याची कारणे तीन प्रकारची असतात: ज्यात कार्य समवेत राहते ते समवायी कारण, जसे वस्त्राला तंतू, त्या तंतूंचा संयोग हे असमवायी कारण, आणि विणकर किंवा त्याचा धोटा हे निमित्त कारण. ब्रोमोफॉर्मचे समवायी कारण कार्बन, हायड्रोजन आणि ब्रोमीनचे अणू, आणि असमवायी कारण त्यांचा विशिष्ट संयोग; ही दोन्ही शेवाळात आणि कारखान्यात एकच असतात. भेद केवळ निमित्ताचा आहे. आणि वस्तू एकदा निर्माण झाली की निमित्त तिच्यापासून वेगळे होते. विणकर गेला तरी वस्त्र राहते. याचा अर्थ असा की रेणूचा गुण, मग तो विषाचा असो की औषधाचा, निमित्तावर अवलंबून नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तीक्ष्ण विषही योग्य योजनेने उत्तम औषध होते आणि औषधही चुकीच्या योजनेने विष होते, असा जो विचार आहे, तोही गुणाला उगमाशी न बांधता उपयोगाशी आणि मात्रेशी बांधतो.

या मुद्द्याचे एक कडवट उदाहरण कोकण किनाऱ्यालाही लागू पडते. समुद्राकाठची औष्णिक वीजकेंद्रे यंत्रे थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी घेतात, आणि नळांत शिंपले व इतर कवचधारी जीव वाढू नयेत म्हणून त्या पाण्यात क्लोरीन मिसळण्याची पद्धत जगभर आहे. क्लोरीन पाण्यातील ब्रोमाइडला क्रियाशील करते आणि ब्रोमोफॉर्म तयार होते. म्हणजे शेवाळ ज्या शत्रूला दूर ठेवण्यासाठी जो रेणू करते, त्याच शत्रूला दूर ठेवताना माणूसही तोच रेणू करतो. हेतू तोच, रसायन तेच, समुद्र तोच. एवढे साम्य असताना एकाला सृष्टीचा नियम आणि दुसऱ्याला प्रदूषण म्हणण्याचा अधिकार कोठून येतो? जो विचारवंत नैसर्गिक आणि कृत्रिम या दोन शब्दांवरच नीतीचा इमला उभारतो, त्याला या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

उगमाला अर्थच नसतो, असे मात्र यावरून ठरत नाही, आणि याची साक्ष एका प्राचीन धार्मिक विधानात मिळते. ज्यू धर्मग्रंथातील ‘गणना’ या पुस्तकात वस्त्राच्या कोपऱ्यांवरील गोंड्यांत एक निळा धागा घालावा अशी आज्ञा आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा रंग भूमध्य समुद्रातील एका शिकारी गोगलगायीपासून काढला जाई. या गोगलगायींच्या ग्रंथीतील स्राव प्रथम जवळजवळ रंगहीन असतो. हवा आणि ऊन लागताच तो पिवळा, हिरवा, निळा होत अखेर गडद जांभळा होतो, आणि या सर्व काळात त्याला लसणासारखा उग्र दर्प येत राहतो. हा जांभळा रंग म्हणजे निळीच्या रेणूला ब्रोमीनचे दोन अणू जोडलेले संयुग होय, हे १९०९ मध्ये पॉल फ्रिडलेंडर या रसायनतज्ज्ञाने सिद्ध केले. त्यासाठी त्याला १२,००० गोगलगायी लागल्या आणि हाती आला तो १.४ ग्रॅम रंग. पुढे १९८० च्या दशकात असे दिसून आले की रंगवण्याच्या द्रावणावर ऊन पडले तर ब्रोमीनचे अणू सुटतात आणि शिल्लक राहते ती शुद्ध नीळ, म्हणजे भारतातील नीळ या झुडपापासून मिळणारा तोच रेणू. आता लक्षणीय गोष्ट अशी की तालमूद हा ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ झुडपाच्या निळीने रंगवलेला धागा गोगलगायीचा म्हणून वापरणाऱ्याला कठोर दोष देतो. डोळ्याला भेद दिसत नाही, आणि आधुनिक प्रयोगशाळेलाही रेणूंत भेद दिसणार नाही, तरीही देवाला भेद कळतो, असे त्या धर्मपंडितांचे म्हणणे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज उतरले अशी परंपरा सांगणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून शनवार तेली म्हटला गेलेला कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाज याच धर्मपरंपरेचा वारस आहे.

तालमूदच्या या निर्णयात रंगाला दोष दिलेला नाही, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. झुडपाची नीळ अपवित्र ठरवलेली नाही. तिचा धागा कोणी साध्या वस्त्रात वापरला तर त्यात पाप नाही. पाप आहे ते एक सांगून दुसरे देण्यात. उगमाचा प्रश्न येथे वस्तूच्या गुणाचा न राहता माणसाच्या वचनाचा आणि सचोटीचा झाला आहे. उगम विचारावा तो वस्तूची निंदा करण्यासाठी नव्हे, कर्त्याला उत्तरदायी ठरवण्यासाठी, हा भेद या चर्चेचा कणा आहे.

हा भेद पुसला गेला की काय घडते, हे कोकणाने पाण्याच्याच संदर्भात पाहिले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील. त्यानंतर सनातन्यांनी तळे बाटले असे ठरवून मंत्रोच्चारात पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. ज्या पाण्याला माणसाच्या ओंजळीने काहीही झाले नव्हते त्यात शेण आणि गोमूत्र मिसळून ते शुद्ध झाल्याचे जाहीर करण्यात आले, आणि तळ्यावरील हक्काचा न्याय मिळण्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालापर्यंत दहा वर्षे जावी लागली. माणसाची योग्यता त्याच्या जन्मावरून आणि पाण्याची शुद्धता स्पर्श करणाऱ्याच्या जन्मावरून ठरवणारी ती बुद्धी, कूळ हाच गुण मानणारी बुद्धी होती. त्याच महाडजवळ पुढे रासायनिक औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि सावित्री नदी तिच्या सांडपाण्याची साक्षीदार झाली. जेथे स्पर्शाने न बाटलेले पाणी बाटले म्हणून घागरी ओतल्या गेल्या, तेथे खरोखर बिघडणाऱ्या पाण्यासाठी धर्माच्या नावाने तेवढी तळमळ कधी दिसली नाही. शुद्धीची कल्पना द्रव्यापासून सुटून जन्माला चिकटली, की ती अन्याय करते आणि शिवाय निरुपयोगीही ठरते. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न रेणूच्या प्रश्नाहून कितीतरी मोठा आहे आणि दोन्ही एका पातळीवर ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु विचारातील दोष एकच आहे, आणि ज्या भूमीने तो एकदा ओळखला तिने तो दुसऱ्या वेषात आला तरी ओळखायला हवा.

आता दुसऱ्या बाजूचा विचार करणे प्राप्त आहे, कारण नैसर्गिक हॅलोजन संयुगांचा शोध लागल्यापासून त्याचा एक सोयीस्कर उपयोगही होऊ लागला. निसर्गच क्लोरीन आणि ब्रोमीनची संयुगे करीत असेल, तर कारखान्यांनाच दोष का द्यावा, असा हा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद आणि ‘नैसर्गिक ते निर्दोष’ ही श्रद्धा परस्परविरोधी वाटतात, पण दोघांची मुळे एकाच मातीत आहेत: निसर्गात जे आहे ते योग्य, हे गृहीतक दोन्हीकडे आहे. एक जण त्याच्या आधारे कारखान्याला बाहेर ठेवतो, दुसरा त्याच्याच आधारे आत घेतो. मृत्यूही नैसर्गिक आहे, म्हणून वध निर्दोष ठरत नाही.

वस्तुस्थितीच्या पातळीवरही हा युक्तिवाद टिकत नाही. नैसर्गिक संयुगांच्या बरोबरीने त्यांना पचवणारे जीवही उत्क्रांत झाले आहेत. पाण्याच्या तळाच्या गाळात क्लोरीनयुक्त संयुगांवर श्वसन करणारे, म्हणजे त्यांतील क्लोरीन सोडवून ऊर्जा मिळवणारे जिवाणू आहेत, आणि हे करणे व मोडणे यांचे चक्र कोट्यवधी वर्षांत जुळलेले आहे. माणसाने केलेला फरक गतीचा, प्रमाणाचा आणि जागेचा आहे. वातावरणात सर्वांत विपुल असलेले नैसर्गिक क्लोरीन संयुग म्हणजे क्लोरोमिथेन. परंतु वातावरणात क्लोरीनचा साठा शिखरावर होता तेव्हा या वायूचा वाटा त्यात साधारण एक षष्ठांशच होता आणि उरलेला बहुतेक भाग मानवनिर्मित होता. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थरात पडलेले छिद्र जगापुढे आले ते या मानवी भरीमुळे, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ती भर थांबवण्यास सुरुवात केली. त्या कराराखाली पुढे मिथिल ब्रोमाइड या वायूच्या औद्योगिक व शेतीतील वापरावरही निर्बंध आले, जरी समुद्र तो वायू आपण होऊन निर्माण करीत असतो. कराराने समुद्राला मनाई केली नाही, माणसाला केली. रेणू एकच असूनही कर्ता वेगळा असेल तर नियम वेगळा लागतो, हे तत्त्व त्याने प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केले.

कर्त्याच्या या प्रश्नावर मराठीत ज्याने सर्वांत सखोल विचार केला, तो ग्रंथकार रत्नागिरीतच जन्मला. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात वेदांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवप्रदेशात शोधले; ते मत आज विद्वानांना मान्य नाही, आणि उगमाच्या शोधाने एवढी प्रचंड बुद्धिमत्ताही कशी वाहवत जाऊ शकते याचे ते उदाहरण आहे. परंतु मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात त्यांनी कर्माची योग्यता ठरवताना केवळ बाह्य परिणाम न मोजता कर्त्याची बुद्धी पाहावी, असे प्रतिपादन केले. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची जी पाच कारणे सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव, त्यांतही कर्ता हा एक स्वतंत्र घटक आहे. शेवाळाला या अर्थाने कर्तृत्व नाही. त्याची क्रिया ही चेष्टा आहे, तिच्यामागे जाणीव नाही आणि म्हणून ती पुण्यही नाही व पापही नाही. शेवाळाला निष्पाप म्हणणेसुद्धा त्याला न मिळालेली पदवी देणे होय.

मात्र टिळकांची कसोटी जशीच्या तशी औद्योगिक प्रदूषणाला लावली तर ती अपुरी पडते, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. कोणताही कारखानदार मासे मारण्याच्या बुद्धीने नाल्यात सांडपाणी सोडत नाही. त्याची बुद्धी उत्पादनावर असते, आणि त्या उत्पादनात औषधेही असतात. दुष्ट हेतू नाही म्हणून दोष नाही, असे मानले तर जगातील जवळजवळ सर्व प्रदूषण निर्दोष ठरेल. येथे बुद्धीबरोबर ज्ञानही मोजावे लागते. परिणाम माहीत नसताना केलेले कर्म आणि माहीत असूनही चालू ठेवलेले कर्म यांत हेतू बदललेला नसला तरी उत्तरदायित्व बदलते. डीडीटीचे कीटकनाशक गुण १९३९ मध्ये ओळखणाऱ्या पॉल म्युलरला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. १९६२ मध्ये कीटकनाशकांच्या दुष्परिणामांविषयीचे रेचेल कार्सन यांचे पुस्तक आल्यानंतर ते कोणालाच ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. तेव्हापासून अज्ञान ही सबब उरली नाही. ज्ञान वाढते तसे पापाचे क्षेत्रही वाढते, ही ज्ञानाची किंमत आहे आणि ती चुकवता येत नाही.

ही कसोटी दुसऱ्या दिशेनेही लागू होते, आणि ती तशी लावली नाही तर विचार एकांगी राहील. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत क्लोरीनयुक्त टीसीएल पावडर टाकतो तेव्हा पाण्यात क्लोरोफॉर्मसारखी हॅलोजन संयुगे अल्प प्रमाणात तयार होतात. तरीही ते कर्म योग्यच आहे, कारण त्यामुळे पटकी आणि कावीळ टळते आणि धोका मोजून, कमीत कमी मात्रेत पत्करलेला असतो. ‘केमिकल’ म्हणून त्या पावडरीला नाके मुरडणारा आणि नैसर्गिक म्हणून न तपासलेले झऱ्याचे पाणी मुलाला पाजणारा मनुष्य धार्मिक नव्हे, बेजबाबदार आहे.

समुद्रमंथनाची कथा या संदर्भात वारंवार सांगितली जाते, पण तिच्यातील एक तपशील दुर्लक्षित राहतो. हलाहल समुद्रात आधीपासून पसरलेले नव्हते. अमृताच्या लोभाने देव आणि दानवांनी समुद्र घुसळला म्हणून ते वर आले. ते विष शंकराने प्राशन केले ते स्वेच्छेने, आणि ते काय आहे हे जाणून. निसर्ग सर्व पचवतो, समुद्र सर्व पोटात घेतो, अशा अर्थाने नीलकंठाचा दाखला देणे म्हणूनच अनुचित आहे. दाभोळच्या खाडीत ज्यांची जाळी पडतात त्या भोई आणि इतर मच्छीमार कुटुंबांना विष प्यायचे आहे का असे कोणी विचारले नव्हते. मासे मरून वर आल्याच्या त्यांच्या तक्रारी अनेक वर्षांच्या आहेत, आणि माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात लोट्याच्या प्रदूषणाची दखल घेतलेली आहे. या प्रकरणात कोणत्याही एका कारखान्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण खाडीत उतरणारी बाई तिसऱ्या काढताना ज्या पाण्यात गुडघाभर उभी असते, त्या पाण्यात काय आहे हे जाणून घेण्याचा तिचा हक्क कोणत्याही तत्त्वचर्चेआधीचा आहे.

त्या हक्काला आता शास्त्राची जोड देता येते. पाण्यातील सर्व सेंद्रिय हॅलोजन एका आकड्यात मोजण्याची जी रूढ पद्धत आहे, तिच्यात शेवाळाचा वाटा आणि कारखान्याचा वाटा एकत्र होतो, आणि म्हणून त्या आकड्यावरून एक पक्ष सर्व दोष कारखान्याला देऊ शकतो आणि दुसरा सर्व भार निसर्गावर टाकू शकतो. स्वीडनच्या तलावांचा धडा हाच आहे. संयुगे नावानिशी वेगळी केली, उद्योगांच्या कच्च्या मालाशी व उत्पादनांशी ताडून पाहिली, आणि जेथे शंका उरेल तेथे कार्बन-१४ चा आधार घेतला, तर कोणते द्रव्य कोणाचे हे पुष्कळसे सांगता येते. नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात कार्बन-१४ मोजण्याची यंत्रणा आहे, आणि किनाऱ्याची ओळख असलेले सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र व शिरगावचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीतच आहेत. दाभोळ खाडीच्या पाण्याचा, गाळाचा आणि माशांचा अहवाल जेव्हा जेव्हा तयार होईल, तेव्हा तो ‘मर्यादेत’ किंवा ‘मर्यादेबाहेर’ एवढ्या एका शब्दावर न थांबता संयुगांच्या नावांसह, त्यांच्या संभाव्य उगमासह आणि मराठीत, काठावरच्या प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीत लावला जावा, अशी मागणी जिल्ह्यातील प्रत्येक नागरिकाने ग्रामसभेत केली पाहिजे.